रस्ता सोडलेली माणसं

चाळिशी उलटली की माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर चारही चाकांना जोर असलेली जीप घेतो. पहिल्या प्रकारात शेजाऱ्यांना फक्त पहाटेच्या भजनाचा त्रास. दुसऱ्या प्रकारातला गृहस्थ भंडाऱ्याहून थेट लडाख गाठतो आणि परतल्यावर वर्षभर भेटेल त्याला मोबाइलवर धूळ दाखवत सुटतो.

लडाखला जायला माझी हरकत नाही. हौसेला मोल नसतं. असलंच तर ते हप्त्यांनी फेडता येतं, आणि त्या हप्त्यांवर आमच्या बँकेची चूल पेटते. खार्दुंग ला खिंडीतला फलक कित्येक वर्षं 18,380 फूट उंची सांगत होता. मोजणीत ती 17,582 फुटांच्या आसपास भरली. तफावत जवळजवळ 800 फुटांची! भंडारा समुद्रसपाटीपासून साधारण तेवढंच उंच. म्हणजे आमचं अख्खं शहर एका फलकाच्या चुकीत मावलं. (आमच्याकडे पाच रुपये जुळेनात तर रात्री नऊपर्यंत बसवतात.)

पण तिथे रस्ता करणाऱ्यांना माझा नमस्कार. 1960 साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने 19,024 फुटांवरच्या उमलिंग ला खिंडीपर्यंत डांबर नेलं. झारखंडातून गेलेले मजूर त्या विरळ हवेत दगड फोडतात. आणि आमचे वीर तिथे पोचून काय करतात? रस्ता सोडतात! याला म्हणे ऑफ-रोडिंग म्हणायचं.

माझं भांडण आहे ते इथे. चांगथांगचं पठार दिसायला ओसाड. पण ते चांगपा पशुपालकांचं कुरण आहे. उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत तिथे जेमतेम बोटभर गवत येतं आणि त्यावर पश्मिना देणाऱ्या शेळ्या जगतात. पाऊस नावापुरता, म्हणून टायरची चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. उद्या लेहचा कुणी हौशी लाखांदूरकडे येऊन, 'वा, काय मोकळी जागा!' म्हणत नुकती रोवणी झालेल्या बांधीतून जीप गरगरा फिरवू लागला, तर त्याला धुऱ्यावर बसवून चहा पाजतील काय? डिसेंबर 2023 मध्ये लाहौलात एकाने चक्क चंद्रा नदीतून जीप हाकली. पोलिसांनी चलान फाडलं. नदीने काही फाडलं नाही, हे त्याचं नशीब.

चिखलाचीच हौस असेल तर आषाढात आमच्या पांदण रस्त्यांवर या की! तिथे बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. एका शेतकरी खातेदाराला मी हा सगळा प्रकार सांगितला. पासबुक खिशात घालत तो म्हणाला, "पैसे देऊन चिखलात जातेत जी? मंग येऊ द्या ना आमच्या पांदनीनं. येताना खताचे दोन पोते तेवढे आणा म्हना."