ऊर्जामंत्र्याची खुर्ची कशावर चालते?

३१ जुलै २०१२, मंगळवार. दुपारी एकच्या सुमारास देशाच्या उत्तर, पूर्व आणि ईशान्य भागातली वीज एकदमच गेली. दिल्लीची मेट्रो बंद पडली, रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, झारखंड आणि बंगालमधल्या काही कोळसा खाणींत कामगार खालीच अडकले. जवळपास ६० कोटी लोक विजेविना होते. आदल्या दिवशी पहाटे उत्तरेचं ग्रिड एकदा कोसळून झालंच होतं, हा दुसरा आणि मोठा दणका. जगातला तोवरचा सगळ्यात मोठा ब्लॅकआउट. आणि त्याच दिवशी देशाच्या ऊर्जामंत्र्यांना बढती मिळाली. ते गृहमंत्री झाले.

ते ऊर्जामंत्री म्हणजे आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे.

आपल्यापैकी बहुतेक जण तेव्हा शाळेत होते. शिवाय पश्चिमेचं ग्रिड वाचल्यामुळे नाशिकमध्ये पंखे फिरतच होते, म्हणून हा दिवस आपल्या आठवणीत नाही. मला तो कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी जुन्या बातम्या चाळताना सापडला. आधी वाटलं, तारखांचा काहीतरी घोळ आहे. घोळ नव्हता. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती झाले होते, त्यांच्या जागी चिदंबरम यांना अर्थखात्यात न्यायचं होतं, मग गृहखातं रिकामं होत होतं. पत्ते आधीच पिसून झाले होते. वीज मधेच गेली, एवढंच.

आता शिंदेंवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. सोलापूरच्या कोर्टातला पट्टेवाला, मग फौजदार, मग मुख्यमंत्री असा प्रवास केलेला हा माणूस. ग्रिड पडलं ते बिना-ग्वाल्हेर लाइनवर आलेल्या ताणामुळे, आणि काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती म्हणून. एकट्या मंत्र्याने स्विच ऑफ केला नव्हता. पण ६० कोटी लोकांची वीज जाते आणि ते खातं सांभाळणाऱ्याच्या करिअरवर साधा ओरखडाही उठत नाही, तेव्हा प्रश्न पडतो की या खुर्चीचा आणि विजेचा काही संबंध आहे की नाही?

याच्या बरोबर उलटं उदाहरणही महाराष्ट्राचंच आहे. सुरेश प्रभू. कोकणातल्या राजापूरचे शिवसेनेचे खासदार, २००० साली वाजपेयी सरकारमध्ये ऊर्जामंत्री झाले. देशभरातली राज्य वीज मंडळं तेव्हा तोट्यात बुडालेली होती. प्रभूंनी सुधारणांचा धडाका लावला, नव्या वीज कायद्याचं विधेयक २००१ मध्ये लोकसभेत मांडलं. दिल्लीत त्यांचं कौतुक होत होतं. आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. कुठे ग्रिड कोसळलं नव्हतं, घोटाळ्याचा आरोप नव्हता. पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांना ते मंत्रिमंडळात नको होते, विषय संपला. त्यांच्या जागी शिवसेनेचेच अनंत गीते आले आणि विधेयकाचा कायदा झाला तो २००३ मध्ये, गीते मंत्री असताना. आज तुमच्या रूमच्या मीटरपासून सोलरच्या नियमांपर्यंत सगळं त्याच कायद्यावर चालतं.

म्हणजे बघा, काम दिसत असलेला मंत्री पक्षाच्या एका शब्दावर घरी, आणि ब्लॅकआउटच्या दिवशीचा मंत्री थेट नॉर्थ ब्लॉकमध्ये. दोन्ही निर्णयांत वीज कुठेच नाही.

२००० ते २०१२ या काळात बहुतेक वर्षं केंद्राचं ऊर्जा खातं महाराष्ट्रातल्या नेत्याकडे होतं. त्याआधी वसंत साठे, एन. के. पी. साळवे, नंतर पीयूष गोयल. आपण याचा अभिमान बाळगायचा का? बाळगायला हरकत नाही, पण त्याच काळात महाराष्ट्रातली गावं बारा-बारा तासांचं लोडशेडिंग भोगत होती. घरातल्या मोठ्यांना विचारा, मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास केलेला एखादा दादा किंवा ताई नक्की सापडेल.

राज्याच्या पातळीवर तर या खात्याची कहाणी सिरीजला पुरेल. १९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. युतीचं सरकार आलं, मुंडे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री झाले, करार रद्द झाला. आणि मग एन्रॉनच्या रिबेका मार्क येऊन भेटल्या, पुन्हा वाटाघाटी झाल्या, प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. २००१ मध्ये दाभोळची वीज परवडत नाही म्हणून वीज मंडळाने ती घेणं थांबवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोर झाली. या सगळ्यात राज्यातल्या कुठल्या नेत्याचं राजकारण विजेच्या हिशेबामुळे संपलं? मला तरी एकही नाव सापडलं नाही.

पुढे अजित पवार यांच्याकडे अर्थ आणि ऊर्जा ही दोन्ही खाती एकत्र होती. डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य लोडशेडिंगमुक्त करू, हा सरकारचा वायदा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पण तो सिंचनाच्या आरोपांवरून. डिसेंबरमध्ये ते मंत्रिमंडळात परत आले. लोडशेडिंग मात्र गेलं नव्हतं. एप्रिल २०१३ मध्ये इंदापूरच्या सभेत त्यांनी धरणावरून ते कुप्रसिद्ध वक्तव्य केलं, त्याच भाषणात लोडशेडिंगवरही विनोद केला होता. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसले. बोलण्याची शिक्षा त्यांनी घेतली असं म्हणूया. हुकलेल्या तारखेची कोणी घेतली?

२०२० आपण सगळ्यांनी पाहिलंय. लॉकडाऊनमध्ये तीन महिने रीडिंग झालं नाही आणि जूनमध्ये एकदम मोठं बिल घरोघरी आलं. ऊर्जामंत्री काँग्रेसचे नितीन राऊत सवलतीचे संकेत देत राहिले. नोव्हेंबरमध्ये तेच म्हणाले, वापरलेल्या विजेचं बिल भरावं लागेल. तिजोरीची चावी राष्ट्रवादीकडे, वीज खातं काँग्रेसकडे, मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडे. तिघांच्या मधे तुमच्या आईबाबांचं बिल अडकलं होतं.

हे सगळीकडे असंच असतं का? बल्गेरियाचं बघा. पूर्व युरोपातला देश, १९८९ पर्यंत कम्युनिस्ट राजवट, लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या नाशिक जिल्ह्याचीच ६१ लाख होती, यावरून अंदाज घ्या. तिथे २०१३ च्या हिवाळ्यात लोकांना जानेवारीचं वीजबिल आलं आणि ते हादरले. पगार युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात कमी, आणि थंडीत हीटर तर लागणारच. लोक रस्त्यावर आले, चौकात बिलं जाळली. पंतप्रधान बोयको बोरिसोव यांनी आधी अर्थमंत्र्यांना काढलं, मग दर कमी करतो म्हणाले. लोक घरी गेले नाहीत. २० फेब्रुवारी २०१३ ला अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. वीजबिलावरून.

बल्गेरियाचं सगळं छान झालं असंही नाही. पुढच्या वर्षी तेच बोरिसोव निवडणूक जिंकून पुन्हा पंतप्रधान झाले. त्यामुळे मला इथे ऊर्जामंत्र्यांचे राजीनामे हवेत असं कोणी समजू नये. पण बिल आणि खुर्ची यांच्यात तिथे एक वायर जोडलेली होती, हे दिसलं. आपल्याकडे ती वायरच कुठे दिसत नाही.

का दिसत नाही, याचं उत्तर कंटाळवाणं आहे पण महत्त्वाचं आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले. वीज बनवते महानिर्मिती, वाहून नेते महापारेषण, घरी देते महावितरण. दर ठरवतो वीज नियामक आयोग. कायद्याच्या दृष्टीने ही रचना योग्यच आहे, दर राजकारण्यांनी ठरवू नयेत म्हणूनच आयोग आला. पण झालं असं की दर वाढले की मंत्री आयोगाकडे बोट दाखवतात आणि वीज माफ झाली की पोस्टरवर आयोगाचा नाही, मंत्र्यांचा फोटो असतो. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, तेव्हा आयोगाचं नाव कोणी घेतलं होतं का?

सध्या हे खातं स्वतः मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे आहे. याचा एक फायदा म्हणजे आता 'दुसऱ्या पक्षाने पैसे दिले नाहीत' हे कारण तरी सांगता येणार नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीचं काम चालू आहे, ते खरोखर गरजेचं आहे. आपल्या वर्गात निफाड, दिंडोरी, सिन्नरची मुलं आहेत, त्यांना विचारा. रात्रीची लाइट असली की बाबा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला शेतात जातात आणि घरी आई जागी असते, कारण उसात बिबट्या असतो. त्या घराला मोफत विजेपेक्षा आधी दिवसाची वीज हवी आहे. पण 'मोफत' हा शब्द बॅनरवर जास्त चांगला दिसतो.

आणि आपलं घरचंच बघायचं तर एकलहरे. नाशिकच्या वेशीवरच्या या केंद्रातले १४० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले, उरले २१० चे तीन. ६६० मेगावॅटचा नवा संच येणार, हे आपण लहानपणापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकत आलोय. खरं तर यावर मोकळी चर्चा व्हायला हवी होती. कोळसा विदर्भातून एवढ्या लांब आणायचा, म्हणून वीज महाग पडते, म्हणून स्वस्त केंद्रं आधी चालवली जातात. मग इथे नवा संच आणणं शहाणपणाचं आहे का? नसेल तर तिथल्या कामगारांचं, एकलहरेच्या बाजारपेठेचं काय? 'आणणार नाही' असं स्पष्ट सांगणारा मंत्री मला जास्त आवडेल. 'आणणार' म्हणत राहायला कोणाला काहीच द्यावं लागत नाही.

आता आपल्या खिशाकडे. चौघं मिळून फ्लॅट घेता, मीटर एकच. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, त्यापुढच्या टप्प्यात जवळपास दुप्पट दर. चार वेगळ्या घरांत प्रत्येकी ६० युनिट वापरले असते तर सगळे स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर २४० होतात आणि १४० युनिट महाग दराने जातात. वर वहन आकार, स्थिर आकार, आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क सरकारचं, आयोगाचं नाही, म्हणजे इथे तरी बोट नेमकं मंत्रालयाकडे दाखवता येतं. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकून पैसे वाटून घेण्यापलीकडे आपण तो कागद कधी वाचला आहे का?

दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो, नाशिकमध्येही अशा सुनावण्या झाल्या आहेत. कोणताही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, समोर उभं राहून मराठीत बोलू शकतो. बातम्यांत बोलणारे दिसतात ते सातपूर-अंबडचे उद्योजक, ग्राहक संघटनांचे ज्येष्ठ कार्यकर्ते, शेतकरी नेते. रूम करून राहणाऱ्या पोरापोरींची टप्प्याची तक्रार तिथे कोणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढच्या सुनावणीसाठी मी एक पानाची हरकत टाइप करायला घेतली आहे. त्यासोबत जोडायला आपापल्या रूमच्या बिलांच्या झेरॉक्स कोण कोण देतंय?