पुडीआधी पाणी

हल्ली मुलाला जुलाब लागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीत प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पुडी बहुधा असतेच. आई पदरचे पैसे मोजून ती घेते. मीठ-साखरेच्या पाण्यावर मात्र तिचा तेवढा विश्वास बसत नाही.

पुडीमागचं शास्त्र खोटं नाही. आतड्याचं अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचं असतं. पेशींमधले सांधे ऑक्लुडिन, क्लॉडिनसारखी प्रथिनं घट्ट धरतात, वर श्लेष्म्याचा थर असतो. जंतुसंसर्गात हे सांधे सैल पडतात. लॅक्टोबॅसिलसचे काही वाण ते पुन्हा आवळतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांची चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचं खाद्य दिलं. त्यांच्यात रक्तातला जंतुदोष किंवा मृत्यू ५.४ टक्के, तर उरलेल्यांत ९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली ‘नेचर’मध्ये छापून आले.

पण ती बाळं निरोगी होती आणि जिवाणू नेमका निवडलेला होता. जुलाब-उलट्यांनी आजारी मुलांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत वेगळे वाण होते आणि पुडीचा काही उपयोग दिसला नाही.

जुलाबांवरचं उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या सेविकांनी मीठ-साखरेचं पाणी घरोघरी शिकवलं, गावात हातपंपाचं स्वच्छ पाणी आलं. वारंवार होणारा संसर्ग टळला, तर आतड्याला सावरायला उसंत मिळते.

सावरायला इंधनही लागतं. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. ते आपल्या पोटातले जिवाणू धान्यातल्या तंतूंपासून बनवतात. म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी हे त्यांचंही जेवण. ताक जरूर प्यावं, पण विरजणातले जिवाणू आतड्यात फार काळ टिकत नाहीत आणि कढी उकळली की मरतात.

म्हणून जुलाब लागले की आधी ओआरएस, झिंकच्या गोळ्या, अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मोफत मिळतात. चिठ्ठीत पुडी असलीच, तर डॉक्टरांना विचारा: यात कोणता जिवाणू आहे आणि या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालाय का? नीट उत्तर मिळालं नाही, तर त्या पैशांची डाळ आणा.