हा राग कुणाला आला?

‘मुलं मार्गी लागली, की मग अध्यात्माकडे वळू,’ असं आपण नेहमी म्हणतो. पण त्यासाठी थांबायलाच हवं का?

जुलै १८९६. मदुराईत काकांच्या घरी राहणाऱ्या १६ वर्षांच्या वेंकटरमणला एकाएकी मरणाची भीती वाटली. कुणालाही हाक न मारता तो जमिनीवर आडवा झाला, श्वास रोखला आणि स्वतःलाच विचारू लागला: देह मेला, तर मीही मेलो का? मग मी कोण? त्या प्रश्नाने त्याची भीती कायमची गेली. पुढे तिरुवन्नामलाईला जाऊन १९५० पर्यंत तिथेच राहिलेले रमण महर्षी ते हेच.

त्यांनी स्वतः घर सोडलं. पण ‘संसार सोडू का?’ असं विचारणाऱ्यांना ते घरीच राहायला सांगत. आश्रमात पहाटे उठून ते स्वतः भाजी चिरायला बसत.

तेव्हा आज दूध उतू गेलं आणि मुलांवर ओरडावंसं वाटलं, तर क्षणभर थांबा. हा राग कुणाला आला? मला. हा ‘मी’ कोण? उत्तर लगेच सापडणार नाही. पण तेवढ्या वेळात ओठांवर आलेला कठोर शब्द परत फिरतो. सुरुवात तिथूनच होते.