महोत्सव पुरे, आता फेरी काढू या

मार्च उजाडला की आमच्या गावात दोन गोष्टी लालभडक होतात. नदीकडच्या बांधावरचा पांगारा आणि एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स. पांगाऱ्याला उद्घाटक लागत नाही, तो आपला आपण फुलतो. फ्लेक्सवर मात्र उद्घाटक, निमंत्रक, स्वागतोत्सुक असे मिळून तीसेक चेहरे असतात आणि त्या चेहऱ्यांतून जागा उरलीच तर खाली लिहिलेलं असतं, वसंत कला महोत्सव.

गावाचं नाव सांगत नाही. तळकोकणातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तुम्ही तुमच्या गावाचं नाव घालून वाचा, फार फरक पडणार नाही.

गेल्या वर्षीचा महोत्सव तीन दिवसांचा होता. मैदानात स्टेज, स्टेजसमोर सोफे, सोफ्यांमागे खुर्च्या आणि खुर्च्यांमागे उभे आपण. पहिल्या दिवशी सत्कारच साडेनऊपर्यंत चालले. चित्रांचं प्रदर्शन होतं ते मंडपाच्या कडेला, कापडावर टाचलेलं, आणि त्यावरचा उजेड स्टेजकडून उरलेला. आमच्या आळीत लाकडी खेळणी करणारे एक काका आहेत. त्यांनी भाडं भरून स्टॉल घेतला होता. जागा मिळाली जनरेटरच्या शेजारी, वडापाव आणि पॉपकॉर्नच्या मागे. तीन दिवसांत सहा भोवरे आणि भातुकलीचा एक संच खपला. स्टॉलचं भाडंसुद्धा सुटलं नाही. शेवटच्या रात्री सामान गोणीत भरताना काका एवढंच म्हणाले, "ह्याच्यापेक्षा घराकडे बसललो बरो."

मी तेव्हा हसले होते. नंतर वर्षभर ते वाक्य डोक्यात राहिलं. काका वैतागून बोलले, पण बोलले ते खरंच होतं. त्यांना घराकडेच बसू द्यायला हवं आणि आपण उठून तिकडे जायला हवं.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. वर्षातून एकदा होणारा हा महोत्सव बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा, समजा पहिला शनिवार. सहा ते नऊ. गावात जे कोणी हाताने काही करतात त्यांनी त्या वेळी दार उघडं ठेवायचं, बाहेर एक बल्ब लावायचा आणि नेहमीचं काम करत बसायचं. बाकीच्यांनी चालत एका दारातून दुसऱ्या दारात जायचं. स्टेज नाही, माइक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. कोणाला नारळ द्यायचाच असेल तर घरात शिरताना द्यावा, फोटोग्राफर न आणता.

अमेरिकेत याला आर्ट वॉक म्हणतात. सिएटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात १९८१ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अशी फेरी होते, आणि तिथल्या कितीतरी लहान गावांनी पहिला शुक्रवार त्यासाठी राखून ठेवलेला आहे. हे सांगितलं की आमच्याकडे लगेच दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. एकाला वाटतं, हे परदेशी फॅड आहे. दुसऱ्याला ते परदेशी आहे म्हणूनच हवं असतं, आणि तो 'वेलकमिंग स्प्रिंग' असं इंग्रजीत लिहून फिकट गुलाबी पोस्टर करायला बसतो. चैत्रात दुपारी घामाच्या धारा लागतात त्या गावात!

दोघांनाही एकच विचारायचंय. श्रावणात संध्याकाळी तुम्ही कुठे असायचात?

कोकणात वाढलेलं प्रत्येक पोर गणपतीच्या शाळेत जाऊन बसलेलं असतं. आपल्या घरचा पाट शाळेत पोचवायचा, त्यावर खडूने नाव घालायचं आणि मग दर दोन दिवसांनी काही ना काही निमित्त काढून बघायला जायचं. आज माती चढली, आज सोंड झाली, आज पांढरा हात मारला. एका शाळेतून निघून दुसऱ्या शाळेत जायचं, कोणाचे डोळे चांगले उतरतात यावर वाद घालायचा. डोळ्यांची आखणी चालू असताना कुणी बोललं तर मूर्तिकार नुसती मान वर करायचे आणि सगळे चिडीचूप. कॅटलॉग नव्हता, तिकीट नव्हतं. रेषा म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, हे शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला नाही कळलं एवढं तिथे चिखलात उकिडवं बसून कळलं. त्याला आपण आर्ट वॉक म्हणत नव्हतो, इतकंच.

शिमग्याचं घ्या. वसंताचं स्वागत कोकण कसं करतं? देवाला देवळाबाहेर काढून, पालखीत बसवून, दारोदार नेऊन. देव सगळ्यांना मैदानात बोलावत नाही, तो स्वतः आळीआळीतून फिरतो. आणि दशावतार? जत्रांच्या हंगामात कुठल्या गावात कुठल्या तिथीला नाटक, हे आजीला तोंडपाठ असतं. त्याची आठवण करून द्यायला फ्लेक्स लागत नाही. आठवडा बाजारालाही लागत नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी माणसं येतात, कारण मागच्या वेळीही आली होती. अशा रोजच्या, न चुकणाऱ्या गोष्टींवर आपली गावं उभी आहेत. महोत्सवाचं नेमकं उलटं असतं. त्याला दरवर्षी नव्याने ओरडून सांगावं लागतं की मी आलो.

मुंबईतला काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो. त्याच्या नकला आता जिल्ह्याजिल्ह्यात निघाल्या आहेत. पण तिथे जहांगीर आहे, मोठी संग्रहालयं आहेत, ती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माणसं तिथे मुळात चालतात. आपण नक्कल करताना चालणं तेवढं गाळलं आणि स्टेज उचलून आणलं.

माझा मुख्य राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, कलाकार आणि कारागीर. महोत्सव हे दोन शब्द एकमेकांजवळ येऊ देत नाही. शहरातून आलेला चित्रकार कलाकार असतो. त्याला मानधन, शाल आणि हॉटेलची खोली. आळीतले काका कारागीर, त्यांनी टेबलाचं भाडं भरायचं. एकाचं काम बघायचं आणि दुसऱ्याच्या कामाचा भाव करायचा. हा फरक हातातल्या कौशल्याचा असता तर एक वेळ मान्य केला असता. पण कोणत्या घरात जन्मलात, काम वडिलांकडून शिकलात की कॉलेजातून, इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येतात का, यावरून तो ठरतो. आपल्या समाजात हाताने काम करणाऱ्याची पायरी कशी ठरते हे सगळ्यांना माहीत आहे. महोत्सव ती पायरी मोडत नाही, तिच्यावर लाल गालिचा घालतो.

सावंतवाडीला जाऊन या. तिथे चितार आळी म्हणून एक आख्खी आळी आहे. लाकडी फळं, भाज्या, खेळणी. या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरलं गेलेलं लाकूड पांगाऱ्याचं, म्हणजे वसंतात लाल होणारं ते झाड आणि मुलाच्या हातातलं खेळणं एकाच खोडातलं. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पान हाताने रंगवायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. ते काम आजही डोळ्यांसमोर चालताना बघता येतं.

ती कला वाचली कशाने? कोणीतरी त्या म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसलं म्हणून. शाल देऊन तो निरोप घेऊन गेला असता तर गंजिफा आज फक्त संग्रहालयाच्या काचेमागे दिसल्या असत्या.

कुडाळजवळच्या पिंगुळीतही हेच झालं. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं होतं. गुरांची जागा चित्रांना दिली आणि दार उघडं ठेवलं. ज्यांना बघायचं होतं ते तिथपर्यंत गेले.

आता आक्षेप. हा विषय काढला की हमखास येणारे चार.

पहिला, "महोत्सवाने पर्यटन वाढतं." गोव्याला निघालेली गाडी आमच्या सत्कार समारंभासाठी हायवे सोडून आत वळताना मी तरी पाहिलेली नाही. आणि तीन दिवस पर्यटक आले असं धरलं, तरी उरलेल्या ३६२ दिवसांचं काय? उलट, समजा फेरीला साठ माणसं आली आणि त्यातल्या दहा जणांनी काकांकडून दोनशे रुपयांची एकेक वस्तू घेतली. महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. त्यावर संसार चालत नाही हे मलाही कळतं. पण हे पैसे येणार आहेत हे आधीपासून माहीत असतं, आणि त्या भरवशावर पावसाआधी लाकूड घेऊन ठेवता येतं. कारागिराला लॉटरीपेक्षा असा भरवसा जास्त उपयोगी पडतो.

दुसरा, "पावसात काय करणार?" पावसात तर खरी मजा. गणपतीच्या शाळा तेव्हाच भरतात. फेरी वसंतात सुरू करायची ती एवढ्यासाठी की शेतं रिकामी असतात, संध्याकाळी माणूस घरात उकडून बाहेर येतोच. पण ती वसंतापुरती ठेवली तर तोही महोत्सवच झाला.

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे. "लोकांची घरं म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे का?" नाही. म्हणून दार उघडायचं की नाही हे त्या घराने ठरवायचं, दर महिन्याला, आणि नाही म्हटलं तर कोणी कारण विचारायचं नाही. उंबऱ्याच्या आत किती यायचं, फोटो काढायचा की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं. स्टॉलवर बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठरवता येत नाही, हेसुद्धा जरा आठवा.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. फेरी गाजली की तिचाही बाजार होतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २००६ साली काही छोट्या गॅलऱ्यांनी मिळून अशी संध्याकाळ सुरू केली. गर्दी हजारोंनी वाढली, भाग नावारूपाला आला, भाडी चढली आणि काही गॅलऱ्यांनाच तिथे राहणं परवडेना. आमच्या आळीत उद्या कोणी कॅफे काढला, काकांच्या घरमालकाला भाव कळला, तर? ही भीती खोटी नाही. पण आज काय होतंय तेही बघा. आळीतला बोर्ड रंगवणारा पेंटर फ्लेक्स आल्यापासून रिक्षा चालवतो. काकांचा मुलगा पर्वरीला एका दुकानात कामाला आहे. गर्दीने आळी रिकामी होईल या भीतीपोटी हातावर हात ठेवून बसलो, तर ती गर्दी न येताही रिकामी होतेच आहे.

आता थोडं तुमच्या-माझ्याबद्दल. मी पुण्यात सहा वर्षं काढून परत आले. तिथे मी हातमागाची प्रदर्शनं बघितली, मातीकामाच्या वर्कशॉपला पैसे भरले, आणि माझ्या स्वतःच्या आळीत लेथ कसा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. काकांचा व्हिडिओ मी केला होता, गेल्या महोत्सवात. चांगला चालला. त्याखाली बऱ्याच जणांनी लाल बदाम टाकले आणि "कुठे मिळेल?" असंही विचारलं. मी पत्ता दिला. एकही जण आला नाही. ज्यांनी विचारलं त्यातले चौघे याच गावात राहतात, चालत दहा मिनिटांवर. म्हणजे दोष फक्त फ्लेक्सवरच्या तीस चेहऱ्यांचा नाही. आपल्यालाही स्टेजच बरं वाटतं, कारण समोर नुसतं उभं राहिलं की झालं. दारात गेलं की बोलावं लागतं, चप्पल काढावी लागते, पाणी घ्यावं लागतं आणि न घेता निघायचं तर संकोच वाटतो. तो संकोच मला हवा आहे. त्यातूनच माणसाला किंमत विचारायची आणि द्यायची सवय लागते.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहा वाजता काका दार उघडं ठेवणार आहेत. मी विचारून आले. आधी म्हणाले, "कोण येतला?" मग म्हणाले, बल्ब तुझा तू आण. पेंटरदादांनी जुने ब्रश माळ्यावरून काढलेत, फेरीचा बोर्ड ते हाताने लिहिणार आहेत. वरच्या वाडीतली एक आजी चैत्रांगण काढते. ती म्हणाली, मी एरवीही काढतेच, बघायचं तर बघा.

तीन दारं झाली. फेरी म्हणायला आणखी दोन तरी हवीत. तुमच्या आळीत कोण आहे ते आज संध्याकाळी विचारून या.