धरण मालकाचे, धोका कोणाचा?

धरणाचा 'धोका वर्ग' म्हणजे काय, हे इंजिनिअरांवर सोडून देण्याची गोष्ट नाही, असे आमचे मत आहे. अमेरिकेत धरणांचे उच्च, लक्षणीय आणि कमी धोका असे तीन वर्ग करतात. 'उच्च' म्हटले की धरण मोडकळीला आले, असा समज होतो. तो चूक आहे. हा वर्ग भिंतीची प्रकृती सांगतच नाही. ती वेगळी नोंदवली जाते. भिंत फुटली तर खाली माणसे मरतील का, एवढेच तो सांगतो. त्यामुळे कालच बांधलेले भक्कम धरणही उच्च धोक्याचे असू शकते. आणि नाल्याकाठी नवी वस्ती उभी राहिली की भिंतीचा एक दगडही न हलता धरणाचा वर्ग बदलायला हवा. तो वेळेवर बदलतो का, हा खरा वाद.

पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण पाहा. कालव्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण पुढे धनिकांच्या मासेमारी आणि शिकार क्लबच्या हाती गेले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती त्याचे सभासद. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. उलट धरणाचा माथा खाली आणला आणि सांडव्यावर जाळ्या लावल्या, कशासाठी, तर तलावातले मासे निसटू नयेत म्हणून! खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन, पोलाद कामगारांचे गाव. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. क्लबला कोर्टात कोणीही जबाबदार ठरवू शकले नाही.

ते धरण मोठे होते, असे कोणी म्हणेल. मग जॉर्जियातील केली बार्न्स घ्या. उंची साधारण ३८ फूट, लांबी ४०० फूट. १९५७ पर्यंत वीज, नंतर फक्त विरंगुळ्याचा तलाव. मालक एक खाजगी बायबल कॉलेज. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या कॉलेज वस्तीतली ३९ माणसे झोपेतच वाहून गेली. धरण तपासणीचा कायदा १९७२ पासून कागदावर होता. खाजगी धरणांची व्यापक तपासणी मात्र या मृत्यूंनंतर सुरू झाली.

आता आपल्याकडे या. आपला धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो मालक कोण हे पाहत नाही, ही चांगली गोष्ट. पण उंची पाहतो. १५ मीटरहून उंच धरण त्यात येते. १० ते १५ मीटरचे यायचे तर लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशी एखादी अट पुरी व्हावी लागते. केली बार्न्स सुमारे साडेअकरा मीटर उंच होते; फुटताना त्यात पावणेआठ लाख घनमीटरच्या आसपास पाणी होते. म्हणजे पाया अवघड किंवा रचना वेगळी आहे असे कोणी ठरवले नसते, तर ३९ माणसे मारणारे धरण आमच्या कायद्याला दिसलेच नसते! कायद्याने आधी खालची घरे मोजावीत, भिंत नंतर.

आणि खालची घरे कोणाची, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. नाल्याच्या कडेला, गावाच्या उतारावर कोणाला जागा मिळाली, हा इतिहास आपण जगलो आहोत. २०१९ मध्ये तिवरे धरण फुटले. ते तर सरकारी होते. तरी मंत्र्यांनी आरोपी म्हणून खेकडे पुढे केले.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४२ ते ४६ या काळात नद्यांचे नियोजन हा सार्वजनिक प्रश्न मानला. आपण तो फार्म हाऊसच्या तलावापर्यंत न्यायला हवा. गावाच्या वर असा खाजगी बांध असेल तर या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत लेखी विचारा: मालक कोण, सांडवा मोकळा आहे का, तळाची मोरी चालते का, खाली किती घरे आहेत, आणि रात्री पाणी चढले तर त्या घरांना फोन कोण करणार. उत्तर ठरावात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या.