विश्लेषण : महाराष्ट्र-ओडिशाच्या छायाचित्र प्रदर्शनात अचलपूर का हवं?

‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावण्यात आली आहे. सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या उपक्रमाची घोषणा केली होती. जोडीतल्या राज्यांनी एकमेकांची भाषा, खाणं, कला समजून घ्यावी, अशी ही कल्पना. छायाचित्र प्रदर्शन हा त्यातला सर्वात सोपा मार्ग.

अशा प्रदर्शनात सहसा काय दिसतं?

एका फलकावर गेटवे, रायगड, वारली, लावणी. समोरच्या फलकावर कोणार्क, पुरी, ओडिसी, पट्टचित्र. बघणारा दोन सेल्फी काढतो आणि बाहेर पडतो. दोन्ही राज्यं देखणी आहेत, एवढंच त्याला कळतं. ते त्याला आधीही ठाऊक होतं. फोटो शेजारी टांगले म्हणजे तुलना होत नाही. त्यांच्यात धागा काय, हे दाखवावं लागतं. महाराष्ट्र आणि ओडिशाच्या बाबतीत तो धागा मुंबई-पुण्यात नाही, वऱ्हाडात आहे.

देवगावात काय घडलं?

नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून ओडिशा होता. १८०३ च्या युद्धात ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी कटकचा बाराबती किल्ला घेतला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूर परिसरातल्या देवगावात तह झाला. त्यात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी बालासोरसह कटक प्रांत इंग्रजांना दिला. त्याच कागदाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही त्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाकडे आला.

म्हणजे ओडिशाच्या इतिहासाला वळण देणारी सही अचलपूरच्या शिवारात झाली. बाराबतीचा खंदक आणि गाविलगडची पडकी तटबंदी एकाच चौकटीत आली, तर शाळकरी पोरालाही हे समजेल. फक्त गौरवाचा सूर लावून चालणार नाही. बंगाल-ओडिशाकडे मराठा स्वारांची आठवण ‘बर्गी’ म्हणून, लुटीची आहे. तीही फोटोखालच्या ओळीत यायला हवी.

मेळघाटचे नातेवाईक कुठे आहेत?

याहून जुनं नातं भाषेचं आहे. मेळघाटातली कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही आणि गोंडीसारखी द्रविडीही नाही. ती मुंडा गटातली, त्या गटाच्या अगदी पश्चिम टोकाची भाषा. तिच्या बहिणी संथाली, मुंडारी, हो. त्या ओडिशा-झारखंडात बोलल्या जातात. कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे माणसं. मुंडारीत माणसाला ‘होरो’ म्हणतात. पाण्याला कोरकूत ‘डा’, मुंडारीत ‘दा’. मधे सरळ रेषेत साधारण ९०० किलोमीटरचं अंतर!

निसर्गाची तुलना करायची तर मेळघाटासमोर मयूरभंजचं सिमिलीपाल ठेवावं. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पात निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत ही दोन्ही होती आणि नकाशावर दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर येतात. तरी एप्रिलमधले फोटो वेगळे निघतील. मेळघाटचा साग पानं झाडून उभा असतो, तर सिमिलीपालचं सालाचं जंगल तेव्हाही हिरवं. वाघ वाचवताना दोन्हीकडे गावं हलवण्याचा प्रश्न आला. त्यामुळे नाचणाऱ्या आदिवासींच्या फोटोशेजारी उठवलेल्या गावाचाही फोटो हवा, मग तो आयोजकांना कितीही अडचणीचा वाटो.

प्रदर्शन भरवायचं कुठे?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात, फीत कापून दोन दिवस, हा नेहमीचा प्रकार. त्यापेक्षा परतवाडा बसस्थानक बरं. अचलपूरला लागून असलेल्या या गावात धारणी-चिखलदऱ्याची माणसं बाजाराला, दवाखान्याला येतात. फोटोखालची ओळ मराठी, ओडिया आणि देवनागरीत कोरकू अशी असावी. शेजारी क्यूआर कोड लावून तोच शब्द कोरकूत आणि मुंडारीत ऐकवता येईल. त्याला फारसा खर्चही नाही. गाडीची वाट पाहणाऱ्या कोरकू आजीने मोबाइलमधून ‘दा’ ऐकलं, तर अर्थ तिला कुणी सांगावा लागणार नाही.