आधी शिक्षण, मग शिक्षा

रेवस बंदरातून भाऊच्या धक्क्यास लाँच सुटते आणि खाडीपलीकडे करंजा डोळ्यांस दिसतो. तथापि मध्यरात्री एखादी बाळंतीण अडली आणि दर्या खवळलेला असला, तर मुंबईची मोठमोठी रुग्णालये या किनाऱ्यास असून नसल्यासारखीच होत. खुष्कीने जावे तर पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा वळसा! अशा वेळी गोरगरिबास आधार तो अलिबागच्या सरकारी रुग्णालयाचाच. म्हणून तेथील माणसे आपल्या कामात किती तयार आहेत, हा प्रश्न आम्ही रेवस-करंजा पुलाइतकाच निकडीचा समजतो.

अलिबागेस 2021 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे इष्टच झाले. परंतु इमारतीने आणि यंत्रांनी रुग्णालय उभे राहते. चालते ते माणसांच्या सरावाने. हा धडा महाराष्ट्रास फार महाग पडला आहे. 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागून 10 अर्भके दगावली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी 11 रुग्ण मृत्यू पावले. पुढे काय झाले? भंडाऱ्यास दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरास एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांस अटक झाली.

कसूर करणारास शासन व्हावे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु आगीचा बंब कोठे आहे, विजेचा मुख्य खटका कोणता, धुरात अर्भके कोणत्या दाराने बाहेर काढावयाची, याची तालीम ज्यांस कधी मिळाली नसेल, त्यांसच तेवढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. आमचे व्यापारी बंधूही नव्या गुमास्त्यास जुन्या दिवाणजीपाशी बसविल्यावाचून खतावणी त्याच्या हाती देत नाहीत. मग जेथे जमाखर्च प्राणांचा, तेथे ही रीत नको काय?

शिक्षणाने काय साधते, हे पाहावयास परदेशी जावयास नको. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी 39 गावांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरोघर जाऊन शुश्रूषा करण्यास शिकविले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तेथील नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी उतरला. जे खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांस साधले, ते पदवीधर परिचारिकांस साधणार नाही असे कोण म्हणेल?

कोणी विचारील, रुग्ण सोडून शिकावयास वेळ कोठला? आक्षेप रास्त आहे. आणि म्हणूनच रिकाम्या जागा भरणे ही शिक्षणाची पहिली पायरी होय. त्यापुढे आमची मागणी एवढीच की, नेमणूक होताच प्रत्येकास त्याच्या कक्षाचे शिक्षण मिळावे. वर्षातून दोनदा, त्यांपैकी एकदा रात्री, संकटाची तालीम व्हावी. आणि तिची तारीख लोकांस दिसेल अशी रुग्णालयाच्या दाराशी लावावी. उद्या दुर्दैवाने अपघात झालाच, तर चौकशीचा पहिला प्रश्न परिचारिकेस नव्हे, तिच्या वरिष्ठांस विचारला जावा: हिला तुम्ही कधी आणि काय शिकविले? या प्रश्नाचे उत्तर देणे ज्या दिवशी वरिष्ठांस भाग पडेल, त्या दिवसापासून रुग्णालये सुधारू लागतील, अशी आमची खात्री आहे.